असगरी कोणाला आवडते?

जुन्या उर्दू घरांत सुनेची तारीफ करायची झाली की ‘अगदी असगरी आहे’ म्हणत. गेल्या थंडीत आम्ही नांदगाव पेठेतल्या घरी इशानंतर डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ वाचायला घेतली. मराठी शाळेत शिकलेल्या मुलींना उर्दू लिपी वाचता येत नाही, म्हणून वाचून मराठीत सांगायचे काम आमचे.

पुस्तक १८६९ चे. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखले जाते. लेखकाने ते घरातल्या मुलीच्या वाचनासाठी लिहिले, पुढे सरकारने त्याला १,००० रुपयांचे बक्षीस दिले. (मराठीतले ‘यमुनापर्यटन’ त्याच्या १२ वर्षे आधीचे. दोन्ही भाषांत कादंबरी बाईच्या संसारापासूनच सुरू झाली.)

दिल्लीच्या दोन बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरली अकबरी नानीच्या लाडाने बिघडलेली, भांडखोर. सासरी पटेना म्हणून वेगळे घर मांडते आणि एका ठग हज्जनच्या नादी लागून दागिने घालवून बसते. धाकटी असगरी हिशेब तपासून मामा अजमत या जुन्या मोलकरणीची लबाडी पकडते, घरात मुलींचा मकतब चालवते, नवऱ्याला मार्गी लावते.

अकबरी नावडावी अशीच लिहिली आहे. आमच्याकडे मात्र नावडली ती असगरी!

मामा अजमतचा भाग अम्मींनी दोनदा वाचायला लावला. ‘उधारीची वही ज्याने भरली त्यालाच याची किंमत कळते,’ त्या म्हणाल्या. बीएस्सीला असलेली भाची उसळली, ‘पण ही कधी चुकतच नाही! गोड बोलून सगळे घर मुठीत घेते. माझ्या वर्गात असती तर मी तिच्या शेजारी बसले नसते.’ शेजारची भाभी एमआयडीसीत कपड्याच्या कारखान्यात शिलाईला जाते. ती हळूच म्हणाली, ‘अकबरीने वेगळे घर मागितले, एवढाच ना गुन्हा? मी तर तीन वर्षांपासून एक खोली मागतेय.’

तिची सास तिथेच बसली होती. आम्ही पटकन पुढचे पान वाचायला घेतले.

खरे सांगायचे तर मास्तरकीत आम्हीही अकबरीचे नाव धाक दाखवायलाच घेतले. या वेळी वाचताना खटकले. तिला ना कोणी नीट शिकवले, ना कधी टोकले, आणि लग्न झाल्यावर सगळा हिशेब तिच्याकडून मागितला. मात्र असगरीला ढोंगी म्हणणेही आम्हाला पटत नाही. शेवटाकडे तिची लेकरे दगावतात, वडील दिलाशाचे पत्र लिहितात. त्या रात्री भाची काही बोलली नाही, आमच्याकडून पुस्तक घेऊन ते पान नुसते बघत बसली.

पुस्तक संपले तेव्हा भाभीच्या सासूने विचारले, ‘गुरुजी, त्या अकबरीचे पुढे काय झाले?’

आम्ही पाने मागे-पुढे केली. लेखक केव्हाच असगरीच्या मागे निघून गेला होता, थोरलीबद्दल त्याने पुढे फारसे सांगितलेलेच नाही.

‘मग एकटीच राहिली का तिकडे?’ खालांनी पुन्हा विचारले, आणि सुनेकडे पाहिले.