जुन्या औद्योगिक संगणकावर लिनक्सची स्थापना : अडथळ्यांचे टप्प्यानुसार निदान

सारांश : औद्योगिक कामासाठी बनविलेले संगणक पंधरा-वीस वर्षांनंतरही अनेकदा सुस्थितीत असतात, त्यांवरील ऑपरेटिंग सिस्टीम मात्र कालबाह्य झालेली असते. अशा संगणकावर लिनक्स स्थापित करताना येणाऱ्या अडचणी असंख्य भासतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक अडचणी संगणक सुरू होण्याच्या चार टप्प्यांपैकी एका टप्प्यावर उद्भवतात. तो टप्पा निश्चित करणे म्हणजेच निदान होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : औद्योगिक संगणक, लिनक्स, बायोस, कर्नल, सिरीयल पोर्ट, वॉचडॉग.

प्रस्तावना

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील गाव होय. ऊस हे या पट्ट्याचे प्रमुख पीक असून सोमेश्वर व माळेगाव हे सहकारी साखर कारखाने याच तालुक्यात आहेत. ऊसउत्पादकाच्या दृष्टीने संगणकाचे सर्वांत महत्त्वाचे स्थान म्हणजे वजनकाटा. भरलेल्या व रिकाम्या गाडीच्या वजनातील फरक म्हणजे उसाचे वजन आणि त्यावरच त्याचे बिल ठरते. गाळप हंगामात काट्याचा संगणक बंद पडल्यास गाड्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळत जातो व त्याचे वजन घटते. म्हणजे बिघाडाची किंमत अखेर शेतकऱ्यालाच मोजावी लागते. येथील विवेचन कोणत्याही विशिष्ट कारखान्यातील यंत्रासंबंधी नसून या प्रकारच्या संगणकांना सर्वसाधारणपणे लागू पडणारे आहे.

विंडोज एक्सपीला कंपनीकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मग नवा संगणकच का घेऊ नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेत दडलेले आहे. औद्योगिक संगणकात अनेकदा जुन्या आयएसए पद्धतीची कार्डे बसविलेली असतात आणि ती आजच्या सामान्य संगणकात बसत नाहीत. शिवाय धूळ, उष्णता व कंपने सोसण्यासाठी पोलादी पेटी, बदलता येणारे प्रोसेसर-कार्ड व हार्ड डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अशी त्याची घडण असते.

स्थापनेपूर्वीची दक्षता

पहिला नियम असा की मूळ डिस्कवर काहीही लिहू नये. ती बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर तिची तंतोतंत प्रतिमा घ्यावी. डिस्क जीर्ण असल्यास जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आधी वाचता येणारा भाग उचलते व नंतर खराब भागाकडे वळते. स्थापना नव्या कार्डावर करावी. म्हणजे प्रयोग फसला तरी जुने कार्ड लावून काम चालू ठेवता येते.

दुसरी दक्षता म्हणजे मूळ सॉफ्टवेअर तपासणे. ते डॉसवर चालणारे असून थेट कार्डाशी बोलत असेल, तर लिनक्सपेक्षा फ्रीडॉस हा अधिक योग्य पर्याय ठरतो. सर्वत्र लिनक्सचाच आग्रह धरणे शास्त्रीय नव्हे.

निदानाचे चार टप्पे

१. बायोस : या टप्प्यावर पडद्यावर यंत्राची माहिती दिसते, परंतु डिस्कवरून काहीच सुरू होत नाही. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असल्यास बायोसमधील नोंदी पुसल्या जातात. तारीखही चुकते व त्यामुळे पुढे नेटवर्कवरून घेतलेल्या पॅकेजेसची सत्यता पडताळताना अडथळा येतो. म्हणून बॅटरी प्रथम बदलावी. जुन्या बायोसला डिस्कच्या आकाराचीही मर्यादा असते, काहींना ८.४ जीबीपलीकडचे, तर काहींना १३७ जीबीपलीकडचे वाचता येत नाही. यावर लहान कार्ड वापरणे किंवा बूट विभाग डिस्कच्या आरंभी ठेवणे हा उपाय होय. यूएसबीवरून सुरू होण्याची सोय नसल्यास सीडी, नेटवर्क किंवा दुसऱ्या संगणकावर कार्ड तयार करणे हे मार्ग उरतात.

२. कर्नलचा आरंभ : बूटलोडर चालतो, पण कर्नल लगेच थांबतो. येथे प्रोसेसर व लिनक्सची आवृत्ती यांचा मेळ पाहावा. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर केला. त्याच प्रोसेसरचा आधार २०१३ मधील ३.८ या आवृत्तीतून काढण्यात आला. डेबियनने २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून ५८६ प्रतीचे प्रोसेसर वगळले, तर ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट संगणकांसाठी कर्नल व इन्स्टॉलर देणेही थांबविले. पीएई ही सोय प्रोसेसरमध्ये नसल्याचा संदेश आल्यास पीएईविरहित कर्नल निवडावा. पेंटियम एम मालिकेतील काही प्रोसेसर ही सोय असूनही ती जाहीर करीत नाहीत. त्यांच्यासाठी 'फोर्सपीएई' हा पर्याय उपलब्ध आहे.

३. यंत्रभागांची ओळख : कर्नल चालू होऊन संदेश उमटतात व मध्येच थांबतात. पडदा काळा पडल्यास 'नोमोडसेट' ही सूचना द्यावी. वीजव्यवस्थापनाच्या जुन्या तक्त्यांमुळे यंत्र गोठत असल्यास एसीपीआय बंद करून पाहावे. कॉम्पॅक्ट फ्लॅशबाबत एक दोष वारंवार आढळतो. काही स्वस्त अ‍ॅडाप्टरमध्ये डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात. कार्ड मात्र ती क्षमता असल्याचे सांगते. मग कर्नल पुनःपुन्हा प्रयत्न करतो व चुकांचे संदेश देतो. केवळ या कार्डापुरता डीएमए बंद करण्याची सोय कर्नलमध्ये आहे.

४. मूळ विभागाचा शोध : कर्नल सुरळीत चालतो, परंतु मूळ विभाग सापडला नाही असे सांगून प्राथमिक आज्ञापटलावर थांबतो. दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या कार्डाबाबत हे विशेषत्वाने घडते. आरंभीच्या लघुप्रणालीत फक्त त्या दुसऱ्या संगणकाचेच ड्रायव्हर घेतले गेले असतील, तर जुन्या यंत्राचा डिस्क-नियंत्रक तिला ओळखता येत नाही. कार्ड तयार करतानाच बहुतेक सर्व ड्रायव्हर समाविष्ट करण्याचा पर्याय निवडल्यास हा अडथळा टळतो.

यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणे

या चार टप्प्यांबाहेरची एक अडचण फसवी असते. स्थापना चालू असताना यंत्र अचानक पुन्हा सुरू होते. येथे घड्याळ लावून नोंद घ्यावी. दर वेळी तितक्याच मिनिटांनी किंवा सेकंदांनी असे घडत असल्यास वॉचडॉगचा संशय घ्यावा. ठरावीक कालावधीत सॉफ्टवेअरकडून संकेत न मिळाल्यास यंत्र पुन्हा सुरू करणारे हे घड्याळ होय. मूळ सॉफ्टवेअर तो संकेत देत असे. इन्स्टॉलर देत नाही. बायोसमधून ते बंद करून स्थापना पूर्ण करावी व नंतर योग्य ड्रायव्हरसह पुन्हा चालू करावे. याउलट, वेळ अनियमित असल्यास मेमटेस्टद्वारे मेमरी रात्रभर तपासावी, फुगलेले कपॅसिटर पाहावेत आणि पंख्यात साचलेली धूळ काढावी. साखर कारखान्याच्या परिसरात बगॅसचा बारीक भुसा या धुळीत मिसळलेला असतो, हे विसरता कामा नये.

सिरीयल पोर्टचे दुहेरी महत्त्व

पडदा काहीच दाखवीत नसेल, तर कर्नलचे संदेश सिरीयल पोर्टवरून दुसऱ्या संगणकावर वाचता येतात. संपूर्ण नोंद जतन होत असल्याने निदानाचे हे सर्वोत्तम साधन ठरते. वजनदर्शकाची जोडणीही सहसा अशाच पोर्टवर असते. तेथे वेग, बिटसंख्या व पॅरिटी दर्शकाशी जुळली नाही, तर आकड्यांऐवजी निरर्थक चिन्हे येतात. असे झाल्यास लिनक्सला दोष देण्यापूर्वी दर्शकाची माहितीपुस्तिका पाहावी. मात्र दर्शकावरील मोहोरबंद भागाला हात लावू नये. तो वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ च्या कक्षेतील विषय आहे. संगणकाची दुरुस्ती आणि काट्याची पडताळणी या भिन्न गोष्टी आहेत. काम सुरू करण्यापूर्वी दर्शकावरील आकडा व संगणकातील नोंद अनेक गाड्यांसाठी ताडून पाहणे अनिवार्य समजावे.

मर्यादा

जुन्या प्रोसेसरला चालणारी आवृत्ती बहुधा सुरक्षा-सुधारणा न मिळणारी असते. म्हणून असा संगणक इंटरनेटला जोडू नये व नोंदी नियमितपणे अन्यत्र उतरवून घ्याव्यात. यंत्राचे आयुष्य वाढविणे म्हणजे बदलाची आवश्यकता नाहीशी करणे नव्हे. नियोजनासाठी सवड मिळविणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

निष्कर्ष

एका वेळी एकच बदल करणे, प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवणे आणि यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले हे आधी ठरविणे, ही त्रिसूत्री पाळल्यास बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. ही पद्धती प्रयोगशाळेतील कोणत्याही विषयाच्या अध्यापकाला परिचित अशीच आहे. ग्रामीण महाविद्यालयांनी निकामी ठरविलेले असे संगणक प्रात्यक्षिकांसाठी मिळविल्यास विद्यार्थ्यांना संगणक आतून समजेल. परिसरातील उद्योगांनाही, हंगामाच्या ऐन मध्यावर शहरातून तंत्रज्ञ येण्याची वाट न पाहता, जवळपासच जाणकार हात मिळतील.