वय हे निदान नव्हे : जरावस्थेतील मन आणि वैद्याचे कर्तव्य

आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान देणाऱ्या आपल्या आचार्यांनी वार्धक्याचा विचार किती गांभीर्याने केला होता, हे वैद्य बंधू-भगिनींना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि रसायन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे च्यवनप्राशाची बरणी उभी राहते, आमलकी आठवते, अश्वगंधा आठवते. वृद्धाचे मन मात्र बहुधा तपासणीच्या बाहेरच राहते. यवतमाळ जिल्ह्यात वैद्यकी करताना एक वाक्य आमच्या कानी सतत पडते : 'आता वय झालं.' रुग्णासोबत आलेला मुलगा ते म्हणतो, सून म्हणते, रुग्ण स्वतः म्हणतो आणि कित्येकदा चिकित्सकही म्हणतो. प्रस्तुत लेखात आम्हास एवढेच मांडावयाचे आहे की, वय ही परीक्षणाची गोष्ट आहे. निदान म्हणून लिहिण्याची गोष्ट नव्हे.

संहितांतील वयोविचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भाव सांगितले आहेत. त्यांत 'सत्त्व' आणि 'वय' हे दोन स्वतंत्र घटक आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. वय पाहिले म्हणजे सत्त्व पाहून झाले, असे आचार्य मानीत नाहीत. तेथेच त्यांनी तीस वर्षांपर्यंत बाल, साठपर्यंत मध्य आणि त्यापुढे शंभर वर्षांपर्यंत जीर्ण असे वयाचे तीन विभाग केले आहेत. सोळा ते तीस या काळात धातू वाढत असतात, परंतु मन बहुधा अस्थिर असते. मध्यम वयात बल स्थिर होते आणि मनही स्थिरावते. जीर्णावस्थेत धातू, इंद्रिये, बल, ग्रहण, धारण, स्मरण, वचन आणि विज्ञान यांचा क्रमाने ऱ्हास होतो व वायूचे प्राबल्य असते.

या वर्णनाचे बारकाईने वाचन केल्यास एक गोष्ट ध्यानी येते. ऱ्हास पावणाऱ्या गोष्टींची एवढी मोठी यादी देताना आचार्यांनी मध्यम वयात स्थिरावलेले सत्त्व पुन्हा अस्थिर होते, असे म्हटलेले नाही. स्मरण मंदावेल, शब्द वेळेवर सुचणार नाही. पण मनाचे धैर्य वयाबरोबर जाणारच, असा सिद्धांत येथे नाही. म्हणूनच एखाद्या वृद्धाचे धैर्य खचलेले दिसले, तर त्याचे कारण केवळ वयात न शोधता अन्यत्र शोधले पाहिजे, असे आम्हास वाटते.

सुश्रुताचार्यांची गणना निराळी आहे. त्यांच्या मते मध्यम वय सोळापासून सत्तरपर्यंत असून चाळीसनंतर किंचित हानीस प्रारंभ होतो. सत्तरच्या पुढे वार्धक्य. दोन आचार्यांच्या गणनेत दहा वर्षांचे अंतर आहे. सुश्रुतांनी जरेचे आणखी दोन भेद केले आहेत : योग्य काळी येणारी आणि शरीराचे रक्षण न केल्याने अकाली येणारी. उन्हातान्हात आयुष्यभर निंदण-खुरपण आणि कापूसवेचणी केलेल्या मजूर स्त्रीची पन्नाशी आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तिवेतन घेऊन घरी बसलेल्या मास्तरांची साठी यांत कोण अधिक वृद्ध, हे आधार कार्डावरील जन्मसाल सांगू शकत नाही.

सर्वांत उद्बोधक विवेचन शार्ङ्गधरांचे आहे. त्यांनी दशकागणिक एकेका गुणाचा ऱ्हास सांगितला आहे. पहिल्या दशकात बाल्य, दुसऱ्यात वृद्धी, तिसऱ्यात कांती, चौथ्यात मेधा. पुढे त्वचा, दृष्टी, शुक्र, विक्रम. आणि नवव्या दशकात बुद्धी. मेधा व बुद्धी हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थी वापरतो. येथे मात्र त्यांत पाच दशकांचे अंतर आहे. नवे चटकन ग्रहण करण्याचे सामर्थ्य लवकर उतरणीस लागते आणि सारासार निर्णयाचे सामर्थ्य फार उशिरापर्यंत टिकते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आधुनिक मानसशास्त्राची साक्ष

विसाव्या शतकात रेमंड कॅटेल व त्यांचे सहकारी जॉन हॉर्न यांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले. अपरिचित प्रश्न झटपट सोडविणारी 'फ्लुइड' म्हणजे प्रवाही बुद्धी तरुणपणी शिखरास पोहोचून पुढे उतरू लागते. अनुभव, भाषा आणि ज्ञानसंचय यांतून घडलेली 'क्रिस्टलाइज्ड' म्हणजे घनीभूत बुद्धी उतारवयातही दीर्घकाळ टिकून राहते. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा भिन्न असल्याने मेधा आणि बुद्धी यांच्याशी त्यांचे तंतोतंत समीकरण मांडणे उचित होणार नाही. परंतु वार्धक्य सर्व काही एकदम हिरावून नेत नाही, हे निरीक्षण दोन्हीकडे समान आहे.

अमेरिकेत वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटल येथे एक दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आणि त्याच त्या व्यक्तींची वर्षानुवर्षे पुनःपुन्हा परीक्षा घेतली. त्यातून असे दिसले की, एकाच वेळी तरुण व वृद्ध यांची तुलना केली असता वृद्धांची जी पिछेहाट दिसते, तिचा बराच भाग वयाचा नसून पिढीचा असतो. कारण जुन्या पिढीला शिक्षणाची संधीच कमी मिळालेली असते. हे आपल्या जिल्ह्यासही लागू पडते. झरी-जामणी किंवा मारेगावकडील जी आजी कधी शाळेत गेलीच नाही, तिला मोबाइलवरील आकडे उमजत नाहीत म्हणून तिची बुद्धी गेली असे म्हणता येत नाही. तीच आजी कोणते बी घरी राखावे आणि कोणत्या शेळीचा आजार वाढणार, हे नातवापेक्षा आधी ओळखते.

एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मानवी जीवनाच्या आठ अवस्था मांडल्या. मध्यम वयात पुढील पिढीसाठी काही घडविणे अथवा साचून राहणे, आणि वार्धक्यात जगलेल्या आयुष्याचा स्वीकार अथवा नैराश्य, असा पेच माणसापुढे असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सुधीर कक्कर यांनी या अवस्थांची आपल्या आश्रमव्यवस्थेशी तुलना केली आहे, ती अभ्यासूंनी अवश्य पाहावी. विकास बालपणी संपत नाही, तो अखेरपर्यंत चालतो, हा विचार आश्रमव्यवस्था मानणाऱ्या समाजास परका वाटू नये.

वणीच्या मातीतील एक उदाहरण

लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. यवतमाळात त्यांनी वकिली केली आणि १९३० मध्ये पुसद येथील जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाच्या सदस्यत्वाचा त्यांनी १९४३ मध्ये राजीनामा दिला, तर १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. एवढ्यावर कोणीही कृतार्थतेने विसावला असता. परंतु १९६२ मध्ये, वयाची एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून गेले. उत्तरायुष्यात त्यांनी लोकमान्य टिळकांच्या चरित्रावर 'तिलकयशोऽर्णवः' हे विशाल संस्कृत काव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात १९७३ मध्ये या काव्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शार्ङ्गधरांच्या क्रमात बुद्धीच्या ऱ्हासाचे जे दशक, त्याच दशकात हा पुरुष संसदेत बसत होता.

अर्थात एका थोर पुरुषावरून सर्वांविषयी नियम काढता येत नाही. बापूजींजवळ विद्या होती, आयुष्यभराचा व्यासंग होता, लोकांचा आदर होता आणि पूर्ण करावयाचे एक कार्य होते. प्रश्न असा की, ज्यांच्याजवळ यांपैकी फारसे काही उरलेले नाही, त्यांच्या मनाचे काय?

बाह्यरुग्ण विभागातील वृद्ध

आमच्याकडे येणारा पासष्ट-सत्तरीचा शेतकरी मनाची तक्रार घेऊन कधीच येत नाही. झोप येत नाही, पोट साफ होत नाही, अंग मोडून येते, जिवाला करमत नाही, अशा तक्रारी असतात. वातवृद्धीची लक्षणे म्हणून आपण त्यांकडे पाहतो आणि ते योग्यही आहे. परंतु चार प्रश्न अधिक विचारले की निराळे चित्र उलगडते. सातबारा मुलांच्या नावे झाला, बैलजोडी विकली, पेरणीला कोणते बियाणे घ्यावे हे आता कोणी विचारीत नाही. 'आता आपलं काय राह्यलं, साहेब?' या उद्गारात त्याची खरी व्याधी असते. शरीराच्या आधी त्याची भूमिका जीर्ण झालेली असते.

या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, ही आपणा सर्वांची वेदना आहे. त्यात एक घटक आपल्या दृष्टीआड राहतो, तो म्हणजे गेलेल्या शेतकऱ्याचे आईवडील. ज्या वयात भार उतरावयाचा, त्या वयात नातवंडांचे शिक्षण, उरलेले कर्ज आणि विधवा सुनेची काळजी पुन्हा त्यांच्या खांद्यावर येते. देह जीर्ण वयाचा आणि कर्तव्य मध्यम वयाचे, अशी ही विषम अवस्था आहे. अशी आजी गुडघेदुखीसाठी आली असता केवळ तेल देऊन पाठविणे म्हणजे अर्धीच चिकित्सा होय.

निदानात ठेवावयाचे विवेक

पहिला विवेक एकांताचा. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सिद्धांतानुसार, उरलेला काळ थोडा आहे याची जाणीव झाली की माणूस आपणहून परिचितांचा परिघ लहान करतो आणि मोजक्या जिवलगांत रमतो. त्यामुळे लग्नकार्यांना जाणे सोडलेला, पण नातवाशी गप्पा मारणारा वृद्ध विषण्ण नसतो. जो नातवाशीही बोलेनासा झाला, ज्याची जेवणावरील वासना गेली, जो पहाटे तीनला उठून आढ्याकडे पाहत पडतो, तो विषण्ण आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत चरकांनी विषादास अग्रस्थान दिले आहे, हे येथे स्मरावे.

दुसरा विवेक विस्मृतीचा. महिन्या-वर्षांत हळूहळू वाढणारी आणि नित्याच्या व्यवहारात अडथळा आणणारी विस्मृती डिमेन्शियाची असू शकते. दोन-चार दिवसांत अचानक आलेला भ्रम मात्र कधीही 'वयाचा' समजू नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी अथवा सोडियम कमी होणे किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांचा तातडीने शोध घ्यावा लागतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉइडची मंदता यांतही स्मृती मंदावते आणि ती तपासणीत कळते. कानातील मळ अथवा मोतीबिंदू यांमुळेही माणूस 'भ्रमिष्ट' ठरविला जातो. मन तपासण्यापूर्वी त्याचे कान व डोळे तपासावेत.

तिसरा विवेक जिवाच्या धोक्याचा. जगण्याचा कंटाळा आला आहे का, जीव द्यावा असे मनात येते का, हे विषण्ण वृद्धास शांतपणे व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. आपल्या घराघरांत फवारणीचे औषध असते. ते कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवण्यास नातलगांस सांगावे. अशा रुग्णास एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क मिळते. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात ठळकपणे लावलेला असावा.

चिकित्सेची दिशा

वातशमनासाठी तिळतेलाचा अभ्यंग, उष्ण व स्निग्ध आहार, अग्नीनुसार घृत व दूध यांचा उपयोग आपण जाणतोच. चरकांनी मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. मात्र यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबाच्या वृद्ध रुग्णांत ते जपून वापरावे आणि चालू असलेली इतर औषधे विचारून घ्यावीत.

औषधाइतकेच महत्त्व सत्त्वावजयास आहे. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे मानसदोषांचे उपाय आचार्यांनी सांगितले आहेत. येथे जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांचा एक विचार उपयुक्त ठरतो. निवड, उत्कर्ष आणि भरपाई या तीन मार्गांनी माणूस वार्धक्याशी यशस्वीपणे जुळवून घेतो, असे ते म्हणतात. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन उतारवयात थोड्याच रचना वाजवीत, त्यांचा सराव अधिक करीत आणि जलद भागापूर्वीचा भाग मुद्दाम संथ ठेवीत, हे उदाहरण बाल्टेस देत असत. आपल्या शेतकऱ्यासही हाच मार्ग सांगता येईल. दूरचे वावर सोडावे, घरामागची भाजीची वाफ स्वतः पाहावी. जड काम नातवाने करावे, पण बियाणे निवडताना आजोबांनी जवळ असावे.

यासाठी कुटुंबास चिकित्सेत सामील करून घ्यावे लागते. मुलास बाजूला घेऊन आम्ही एक पथ्य आवर्जून सांगतो : दिवसातून एक तरी गोष्ट वडिलांना विचारून करा. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी आणि कल्याणासाठी २००७ मध्ये कायदा झाला, तो आवश्यकही आहे. परंतु कायद्याने निर्वाहाची रक्कम ठरविता येते. सल्ला विचारावयास लावता येत नाही. आचाररसायनात आचार्यांनी वृद्धांच्या सहवासाचा समावेश केला आहे. रसायनाचा लाभ येथे सहवास करणाऱ्यास सांगितला आहे, परंतु ज्याच्याजवळ कोणी येऊन बसते त्या वृद्धासही तो मिळतो, असा आमचा अनुभव आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील व्यक्ती सुमारे साडेदहा कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. हे प्रमाण पुढे वाढतच जाणार आहे आणि खेड्यांतून यांपैकी बहुतेकांस प्रथम भेटणारा चिकित्सक आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे. तेव्हा वैद्य बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे की, रुग्णपत्रिकेवर वयाच्या रकान्याशेजारीच सत्त्वाचा एक रकाना असावा. प्रवर, मध्य की अवर, एवढे एक अक्षर त्यात लिहावे आणि ते लिहिण्यासाठी लागणारी पाच मिनिटे रुग्णास द्यावीत. त्या पाच मिनिटांत वृद्धाशी बोलताना त्याच्या मुलाकडे न पाहता त्याच्याकडे पाहावे. इत्यलम्.