हृदयाचा पंप आणि वस्तीचा नळ

थकलेल्या हृदयाला जोडायचा पंप आज वैद्यकशास्त्राने दिला आहे. विज्ञानाच्या या कामगिरीला आम्ही सलाम करतो. २००१ साली अमेरिकेतील 'रीमॅच' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२९ रुग्णांच्या या चाचणीत वर्षअखेर औषधांवरील २५ टक्के, तर पंपावरील ५२ टक्के रुग्ण जिवंत होते. मात्र पंप बसवलेल्यांचा सर्वांत मोठा मारेकरी ठरला तो जंतुसंसर्ग!

कारण उघड आहे. पंपाला वीज पुरवणारी वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते. तिला हिसका बसला की जखम उघडते, जंतू आत शिरतात आणि यंत्रावर चिकट थर करून बसतात. त्या थरापुढे औषधे तोकडी पडतात. 'हार्टमेट ३' या पंपाला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास कमी झाला. वायर मात्र राहिलीच.

म्हणून निर्जंतुक मलमपट्टी, वायर पोटाशी पक्की बांधणे, नदी-तलावात न उतरणे ही पथ्ये आयुष्यभराची. लाली, पू किंवा ताप दिसताच रुग्णालय गाठलेच पाहिजे.

पण पथ्य पाळायला स्वच्छ पाणी लागते, अखंड वीज लागते, मलमपट्टी करणारे शिकलेले हात लागतात. जिथे चाळीस घरांना एक नळ आहे, तिथे हे पथ्य कसे पाळायचे? यंत्र फुकट दिले तरी उपचाराची समता येत नाही. ती वस्तीच्या नळापासून सुरू होते, हे आम्ही शासनाला बजावतो.