मॅजिक मशरूमचा कायदा तिकडचा, आपला कायदा कोणता?

परदेशात डिप्रेशनवर मॅजिक मशरूम मिळतात, तसा कायदाच झालाय, असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात. त्यातली निम्मी माहिती खरी असते, आणि घोळ तिथेच होतो.

ऑस्ट्रेलियात हे दुकानात मिळत नाही. 1 जुलै 2023 पासून तिथे परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञच अशी औषधं देऊ शकतात, तीही दोनच आजारांसाठी: इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर मॅजिक मशरूममधलं सायलोसायबिन आणि मोठ्या आघातानंतरच्या ताणविकारावर एमडीएमए हा दुसरा अमली पदार्थ. त्यासाठी डॉक्टरला आधी नीतिसमितीची मंजुरी लागते. अमेरिकेत ओरेगनने 2020 मध्ये आणि कोलोरॅडोने 2022 मध्ये मतदानाने वाट मोकळी केली, पण केंद्राची बंदी कायम आहे. एमडीएमएच्या मंजुरीचा अर्ज तर तिथल्या औषध नियामकाने ऑगस्ट 2024 मध्ये परत पाठवला. आणखी एक चाचणी करा म्हणाले.

एका डोसात माणूस बरा होतो, हेही अर्धसत्यच. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 233 रुग्णांच्या चाचणीत सायलोसायबिनचा 25 मिलिग्रॅमचा डोस घेतलेल्यांना तिसऱ्या आठवड्यात ठळक फरक पडला. बाराव्या आठवड्यापर्यंत तो टिकला साधारण पाचातल्या एकाला.

मशरूम नैसर्गिक, म्हणून निर्धोक, हा समज मात्र जिवावर बेतणारा. चाचणीत मोजून-मापून तयार केलेलं औषध असतं आणि रुग्ण प्रशिक्षित माणसाच्या नजरेसमोर असतो. पावसाळ्यात सातपुड्याच्या उतारावर उगवलेली अनोळखी अळिंबी म्हणजे ते औषध नव्हे. काही विषारी अळिंबी खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब लागतात, थांबतात, घरच्यांना हायसं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं.

भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत एलएसडी, सायलोसायबिन, एमडीएमए तिन्ही आहेत. एलएसडीचं ‘व्यावसायिक प्रमाण’ अवघं 0.1 ग्रॅम, त्याहून जास्त सापडलं तर किमान दहा वर्षं शिक्षा. ‘उपचारासाठी आणलं होतं’ हे सांगून सुटका नाही. भुलेसाठी वापरलं जाणारं केटामाइनही 2011 पासून त्याच यादीत आहे, मात्र डॉक्टरच्या हातून त्याचा वापर कायदेशीर आहे.

आपल्या जळगाव जामोद भागातल्या लोकांना उपयोगी पडणारा कायदा मात्र वेगळाच आहे, आणि त्याचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही: 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. जीव द्यायला विष घेतलेल्याला दवाखान्यात आणताना घरचे ‘फवारताना लागलं’ असं सांगतात, पोलीस केसच्या धास्तीने. पण मे 2018 मध्ये हा कायदा लागू झाल्यापासून असा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच कायदा धरून चालतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं कलमच नाही. सरकारी नोकराला वेठीला धरण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तेव्हा डॉक्टरला खरं सांगा आणि फवारणीच्या औषधाची बाटली सोबत न्या.

मशरूमशिवायही बरंच होतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी समुपदेशन केलं. मदतीपर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं.

2017 च्याच कायद्यानुसार जिल्ह्यात किमान मानसिक आरोग्य सेवा नसेल, तर जिल्ह्यातच इतरत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने द्यायचा आहे. आणि रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतून.