शिडाच्या बोटीची शिडी : साध्या वस्तूतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

संशोधनाची तयारी करणारे बरेच विद्यार्थी 'विषय' शोधतात आणि तिथंच अडकतात. शोधायचा असतो तो प्रश्न. तो कसा काढायचा हे आज एका अगदी साध्या वस्तूवरून पाहू. वस्तू आहे पाण्यात पडलेल्या माणसाला बोटीवर परत चढण्यासाठी लावलेली शिडी.

शिरूर अनंतपाळमध्ये शिडाची बोट कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. बोट लांबची आहे खरी, पण पाणी आपल्याकडंही आहे. तालुक्यात घरणी आणि साकोळ असे दोन मध्यम प्रकल्प आहेत. माणूस पाण्यात पडतो तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न समुद्रात आणि तलावात सारखाच असतो: वर कसं यायचं?

आधी संदर्भ

'म्हादेई' ही भारतीय नौदलाची ५६ फुटी शिडाची बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठंही न थांबता पूर्ण केली. पुढं २०१७-१८ मध्ये 'तारिणी' या बोटीवरून सहा महिला अधिकारी जगभर फिरून आल्या.

आता एक हिशेब करा. बोट ६ नॉट वेगानं चालली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर. एकटा खलाशी पाण्यात पडला तर मिनिटभरात बोट त्याच्यापासून १८० मीटर पुढं गेलेली असेल. शिडी कितीही चांगली असली तरी तिथं तिचा उपयोग शून्य. म्हणून एकटा खलाशी अंगाला पट्टा बांधून तो दोरानं बोटीला अडकवतो. शिडी कामाला येते ती बोट थांबलेली किंवा नांगरलेली असताना. हे ठरवणं म्हणजेच संशोधनाच्या भाषेत प्रश्नाची व्याप्ती आखणं.

शिडी कशी निवडायची?

पाण्यात शरीराचं वजन जवळजवळ जाणवत नाही. जसजसे आपण वर येतो तसतसा पाण्याचा आधार सुटतो, आणि कपड्यांत भरलेल्या पाण्याचंही ओझं होतं. नुसत्या हातांच्या जोरावर थकलेला माणूस वर येऊ शकत नाही, पायांची ताकद वापरावीच लागते. म्हणून सर्वांत खालची पायरी पाण्यात किती खोल आहे, हा कळीचा मुद्दा ठरतो. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेचं मानक सांगतं की ती पाण्याच्या पातळीपासून किमान २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटीमीटर खाली असावी.

हा आकडा तपासून बघू. ढोबळमानानं हनुवटीची उंची शरीराच्या उंचीच्या ८७ टक्के आणि खुब्याची ५३ टक्के धरा. १६५ सेंटीमीटर उंचीचा माणूस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा तरंगतोय. पाणी त्याच्या तळव्यापासून १४३ सेंटीमीटरवर आहे. त्यातून ५६ वजा केले की ८७ उरतात. म्हणजे पाय थेट खुब्याइतका उचलावा लागतो! पायरी फक्त ३० सेंटीमीटर खोल असती तर ती ११३ वर, म्हणजे खुब्याच्याही वर आली असती.

आता गंमत बघा. बुटक्या माणसाला ही पायरी जड जाईल असं आपल्याला वाटतं. पण १५० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी पायरी ७४ वर येते आणि खुबा असतो ७९ वर. पहिली पायरी तिला उलट सोपी जाते. तिची खरी अडचण पुढं येते, कारण वरची दांडी हाताला लागत नाही. गृहीतक मनात पक्कं होण्याआधी आकडेमोड का करायची, ते इथं कळतं.

बाकी निकष थोडक्यात. दोराची शिडी स्वस्त पडते, पण पाय ठेवला की ती बोटीच्या पोटाखाली सरकते आणि माणूस पाठीवर लोंबकळतो. बारीक नळीच्या पायऱ्या अनवाणी पायाला रुततात, त्यापेक्षा रुंद सपाट पायरी बरी. घडीची शिडी असेल तर पाण्यातल्या माणसाला ती स्वतः ओढून उघडता आली पाहिजे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात हीच अट आहे.

बसवायची कुठं आणि कशी?

बोटीच्या मागच्या बाजूला उंची बहुधा कमी असते आणि छोटी बोट कलंडत नाही. पण तिथं सुकाणू आणि पंखा असतो. इंजिन बंद करणं भागच आहे. शिवाय लाटांत ती बाजू जोरानं वरखाली होते. मोठ्या बोटीत मधल्या बाजूला हेलकावे कमी असतात, पण चढायची उंची वाढते.

ताकदीचा हिशेब असा. ८० किलोचा माणूस भिंतीपासून ३० सेंटीमीटर बाहेर असलेल्या पायरीवर उभा आहे आणि वरच्या व खालच्या पकडीत २० सेंटीमीटर अंतर आहे. मग वरची पकड भिंतीतून उपटण्यासाठी लागणारा जोर ८० × ३० ÷ २० = १२० किलोभार होतो. त्यात धक्के आणि लाटा आल्या की तो आणखी वाढतो. म्हणून नुसते स्क्रू चालत नाहीत. आरपार बोल्ट, आतून जाड पट्टी आणि नट लागतात. फायबरच्या दोन थरांत लाकूड असेल तर भोक आधी मोठं पाडून त्यात इपॉक्सी भरायचं आणि मग त्यातून बोल्टसाठी भोक पाडायचं, नाहीतर पाणी झिरपून आतलं लाकूड कुजतं. खाऱ्या पाण्यासाठी ३०४ पेक्षा ३१६ स्टेनलेस स्टील जास्त टिकतं.

मग संशोधनाचा प्रश्न कुठं आहे?

२२ इंच हा आकडा नेमक्या कुणाच्या शरीरासाठी? भारतीयांच्या शरीरमापांचं संकलन देबकुमार चक्रवर्ती यांनी १९९७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून प्रसिद्ध केलं. पण ती मापं कोरड्या जमिनीवरची. ओलं लुगडं पायाला गुंडाळलेली बाई, किंवा थर्माकोलच्या तराफ्यावरून पडलेला साठीचा मासेमार गुडघा किती वर उचलू शकेल? हा प्रश्न मोजता येण्यासारखा आहे.

तो असा मांडा: 'पायरीची खोली आणि कपड्यांचा प्रकार यांचा पाण्यातून विनामदत वर चढण्याच्या यशावर काय परिणाम होतो?' खोली आणि कपडे हे स्वाश्रयी चल. यश, लागलेला वेळ आणि नाडीचे ठोके हे आश्रयी चल. उंची, वय, वजन आणि पोहता येतं की नाही याची नोंद ठेवायची. चाचणी जलतरण तलावातच, जीवरक्षक हजर असताना, नैतिकता समितीची परवानगी आणि सहभागींची लेखी संमती घेऊन. धरणावर जाऊन कुणालाही पाण्यात उतरवायचं नाही!

सरावासाठी घरच्या किंवा गावातल्या कोणत्याही शिडीची तीन मापं घ्या: पहिल्या पायरीची उंची, दोन पायऱ्यांमधलं अंतर आणि वरच्या पकडीची उंची. मग ही शिडी कुणाला चढता येणार नाही ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात मोजता येईल असं काही सापडलं, तर प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू करा.