अभ्यंगाचा नित्य शिरस्ता

देवगिरीच्या महादेवराय आणि रामदेवराय या दोन यादव राजांच्या पदरी राहून, श्रीकरणाधिप या नात्याने राज्याच्या दप्तराचा भार ज्याने वाहिला, आणि व्रते, दाने व श्राद्धे यांच्या विवेचनाचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड संग्रह ज्याच्या नावावर आहे, त्या हेमाद्री पंडिताने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीकाही लिहिली होती, ही गोष्ट हेमाडपंती देवळांपुढे उभे राहून त्याचे नाव घेणाऱ्या आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी असते. तेराव्या शतकातील राज्यकारभाराच्या धकाधकीत वावरणाऱ्या या पुरुषाने ज्या ग्रंथावर आपली बुद्धी खर्चिली, त्याच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय निरोगी माणसाच्या दिनचर्येचा आहे. पहाटे उठावे, दात घासावेत, डोळ्यांत अंजन घालावे अशा क्रमाने चालत आलेला ग्रंथकार अंगाला तेल चोळण्यापाशी येतो, आणि हा अभ्यंग नित्य करावा असे स्पष्ट सांगतो. त्याने वार्धक्य लांबते, श्रम आणि वात यांचा परिहार होतो, दृष्टी प्रसन्न राहते, शरीर पुष्ट व दृढ होते, निद्रा चांगली लागते आणि त्वचा सतेज होते, ही त्याने दिलेली फलश्रुती. तिच्यातील प्रत्येक शब्द आज जसाच्या तसा मान्य करावा असे नाही. पण अभ्यंगाची जागा त्याने कोठे नेमून दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रोग्याच्या उपचारांपूर्वीच, दंतधावन आणि स्नान यांच्या पंक्तीत, ती जागा आहे.

आपल्याकडे मात्र हा नित्याचा शिरस्ता आकसत आकसत वर्षातल्या एका पहाटेपुरता उरला आहे. आश्विन वद्य चतुर्दशीला अंधारात उठून, तेल-उटणे लावून, सूर्योदयापूर्वी न्हाण्याचा सोहळा अजून घरोघर होतो, आणि तो होतो याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु वर्षप्रतिपदेला आणि बलिप्रतिपदेलाही तैलाभ्यंग सांगितलेला आहे, याची आठवणसुद्धा पुष्कळ घरांतून पुसली गेली. एका बाजूला हा असा वार्षिक विधी, आणि दुसऱ्या बाजूला पर्यटनस्थळी मोठी रक्कम मोजून घेण्याची चैन, अशी या साध्या गोष्टीची वाटणी होऊन गेली. आणि या दोहोंच्या मध्ये जे रोजचे, बिनखर्चाचे, घरच्या माणसाच्या हातचे तेल होते, ते कोणाच्याच खाती जमा राहिले नाही. ही हानी फार मोठी आहे असे मला वाटते, कारण अभ्यंगाचा खरा गुण त्याच्या नित्यतेत आणि त्या हातात आहे.

हे मी पदरचे सांगत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे प्रयोजन सांगताना आचार्यांनी प्रथम व्यवहारातले दाखले दिले आहेत: तेल मुरलेला घडा, तेल प्यालेले कातडे आणि वंगण घातलेला गाड्याचा आस जसे बळकट व ताण सोसणारे होतात, तसे स्नेहाने शरीर होते. पण एवढ्यावर न थांबता त्यांनी त्याची उपपत्ती मांडली आहे, ती अशी की, स्पर्शाच्या इंद्रियात वायूचे आधिक्य असते, स्पर्श हा त्वचेच्या आश्रयाने राहतो, आणि त्वचेला अभ्यंगासारखे हितकर दुसरे काही नाही. म्हणून माणसाने त्याचे शीलन करावे. येथे युक्तिवादाचा सारा भार स्पर्शावर आहे. तेल कोणते, त्यात वनस्पती किती, याचा विचार इतरत्र विस्ताराने येतो. परंतु मुळाशी त्वचा आहे, स्पर्श आहे, आणि चंचल, रूक्ष, शीत अशा वायूला शांत करणारी उष्ण स्निग्धता आहे.

गेल्या काही दशकांत स्वीडनमधील शरीरशास्त्रज्ञांनी त्वचेतील ज्या एका विशिष्ट जातीच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला, त्याची हकिकत या संदर्भात मोठी उद्बोधक आहे. केसाळ त्वचेत असणारे हे अत्यंत बारीक, संथ गतीने संदेश वाहणारे तंतू टोचणे किंवा ओरखडा यांचा विचार करीत नाहीत. हलक्या, सावकाश फिरणाऱ्या स्पर्शाने ते जागे होतात. सेकंदाला सुमारे 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाने हात फिरला तर त्यांचा प्रतिसाद सर्वांत अधिक, त्याहून घाईने किंवा त्याहून रेंगाळत फिरला तर कमी. आणि फिरणारी वस्तू बर्फासारखी थंड वा चटका देणारी नसून त्वचेच्याच उबेची असेल, तर तो प्रतिसाद विशेष उत्कट. ज्या वेगाने हे तंतू जागे होतात, त्याच वेगाचा स्पर्श माणसांना सर्वांत सुखद वाटतो, असेही या प्रयोगांतून दिसले. कोमट तेल लावलेला, न घाबरता, न घाईने पाठीवरून फिरणारा हात याहून वेगळे काय करतो? चरकाला मज्जातंतू ठाऊक नव्हते आणि या शास्त्रज्ञांना वायूशी कर्तव्य नव्हते. तरी दोघांचे बोट एकाच जागी टेकले आहे.

केवळ हाताचे बळ किती, याचा पुरावा 1986 साली अमेरिकेत मायामी येथे टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दहा दिवस, दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे हळुवार पण नुसते गुदगुल्या न करणारे मर्दन देण्यात आले. तेव्हा तेवढ्याच दुधावर त्यांचे वजन इतर बालकांच्या मानाने दररोज 47 टक्के अधिक वाढले. पुढे 2005 साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी नवजात बालकांच्या मालिशीसाठी खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बालकांत खोबरेलाचे माप वजनवाढीच्या दृष्टीने सरस ठरले. म्हणजे हाताचे श्रेय हाताला आणि तेलाचे तेलाला, असा हा निवाडा आहे.

तेलाचे श्रेय कोणते? त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असतो. शरीरातील ओलावा आत राखणे आणि जंतूंना बाहेर अडविणे हे त्याचे काम. देशावरच्या कोरड्या थंडीत, साबणाच्या अतिवापराने अथवा उतारवयात हा बंदोबस्त ढिला पडतो आणि अंग फुटू लागते. तेल तो पुन्हा नीट बसवते. ढाक्याच्या बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल लावले असता रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचा संभव 41 टक्क्यांनी घटला, असे 2005 सालच्या एका अभ्यासात आढळले. मात्र सगळी तेले सारखी नव्हेत. मोहरीचे तेल आणि ऑलिव्हचे तेल त्वचेचा हा थर सांधण्याऐवजी उलट विसकटू शकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा तान्ह्या बालकासाठी ती टाळलेलीच बरी. आपले तिळेल या बाबतीत मध्यम मार्गाचे आहे, आणि त्यातील स्वाभाविक द्रव्यांमुळे ते लवकर खवट होत नाही. कोकणात आणि गोव्यात खोबरेल, देशावर तिळाचे वा करडईचे, ही वाटणी जमिनीने आणि हवेने करून ठेवलेली आहे. तिच्यात ढवळाढवळ करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

सुश्रुताचा टीकाकार डल्हण याने तेल कोणत्या धातूपर्यंत किती काळात पोहोचते याचे एक कोष्टकच दिले आहे: तीनशे मात्रांत ते केसांच्या मुळाशी, चारशेत त्वचेत, पाचशेत रक्तात, आणि असे शंभर-शंभरांनी चढत नऊशे मात्रांत मज्जेपर्यंत जाते. आजच्या शारीरविज्ञानाला हा प्रवास मान्य होणार नाही. तेलाचे रेणू बव्हंशी वरच्याच थरात अडकतात. पण एका मात्रेला पापणी लवण्याइतका काळ धरला, तर नऊशे मात्रा म्हणजे जेमतेम पाच मिनिटे होतात, आणि तेल लावून लगेच अंगावर तांब्या ओतू नये, हात जागच्या जागी काही काळ फिरत ठेवावा, हा त्या कोष्टकातला व्यवहार आजही सोळा आणे खरा आहे.

हे सारे आपल्या समाजात अखंड टिकून राहिले ते बाळंतिणीच्या खोलीत. सव्वा महिना सकाळी येऊन, पाय पसरून पाटावर बसणाऱ्या आणि पोटऱ्यांवर बाळाला पालथे घालून तेल चोळणाऱ्या त्या मावशींनी कोणताही ग्रंथ पाहिला नव्हता; परंतु हाताची ऊब, चालीतला ठेका आणि बाळ रडू लागताच दाब सैल करण्याची समज त्यांच्या बोटांत वसत होती. त्याहून अधिक उपकार त्यांनी आईवर केले. रात्री-अपरात्री उठून शिणलेल्या, कंबर धरलेल्या, सगळ्या घराचे लक्ष पाळण्याकडे वळल्यामुळे काहीशा एकट्या पडलेल्या त्या स्त्रीच्या पाठीला, मांड्यांना आणि तळव्यांना कोणीतरी अर्धा तास केवळ तिच्यासाठी तेल लावीत असे, आणि त्यानंतर कढत पाण्याने न्हाऊन तिला जी झोप लागे, तिची किंमत कोणत्या खर्डेवहीत मांडावी? आज लहान कुटुंबांत, नोकरीच्या रजेची मुदत मोजीत असलेल्या आईच्या बाबतीत सर्वांत आधी जे गाळले जाते ते हेच, आणि ते गाळू नये असे मी कळकळीने म्हणतो. मात्र त्या खोलीतल्या काही चाली सोडूनच दिल्या पाहिजेत. बाळाच्या नाकात-कानात तेल सोडणे, टाळू दाबणे, नाक सरळ करण्यासाठी चिमटणे, नवजात बालकाची छाती पिळणे या गोष्टी अपायकारक आहेत, आणि बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून शेक-धुरी देणे तर जिवावर बेतणारे आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर टाके भरून डॉक्टरांनी अनुज्ञा देईपर्यंत पोटाला हात लावू नये. पाठ, खांदे आणि पाय यांना तेवढी आडकाठी नसते, पण तेही विचारूनच करावे.

दुसरे ठिकाण तालमीचे. हेमंतऋतूच्या चर्येत वाग्भटाने वातघ्न तेलांचा अभ्यंग, डोक्याला तेल, अंगमर्दन, कुशल मल्लांशी कुस्ती आणि युक्तीने पायांनी तुडवून घेणे, हे सगळे एका दमात सांगितले आहे. कोल्हापूरच्या कोणत्याही जुन्या तालमीत हिवाळ्याच्या दिवसांत पाऊल टाकणाऱ्याला ते जिवंत दिसेल. मेहनत झाल्यावर एकाने दुसऱ्याचे अंग रगडावे हा तेथला दस्तूर, आणि व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे ही शास्त्राची आज्ञा, यांत काडीचे अंतर नाही. केरळात हीच विद्या कळरीच्या आखाड्यात दोर धरून पायांनी मर्दन करण्यापर्यंत आणि कोमट तेलाची धार सर्वांगावर धरणाऱ्या पिळिच्चिलपर्यंत विकसित झाली; 1902 साली वैद्यरत्नम् पी. एस. वारियर यांनी स्थापिलेल्या कोट्टक्कलच्या आर्य वैद्यशाळेसारख्या संस्थांनी तिला शिस्तबद्ध उपचाराचे रूप दिले. पण ती चिकित्सा आहे, वैद्याच्या देखरेखीची बाब आहे. घरच्या अभ्यंगाला तिच्या थाटाची गरज नाही.

घरी करावयाचे ते असे. तेलाची वाटी कढत पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावी, विस्तवावर थेट तापवू नये, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. हातापायांच्या लांब भागांवर लांब आणि सावकाश हात, सांध्यांभोवती गोलाकार, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने व अगदी हलका. जेवण होऊन दोन-तीन तास उलटलेले असावेत. नंतर नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला-कचोरा यांचे उटणे किंवा साधे डाळीचे पीठ लावून अंगावरचे जास्तीचे तेल काढावे आणि गरम पाण्याने न्हावे. डोक्यावर मात्र कढत पाणी घेऊ नये, कारण त्याने केसांचे व डोळ्यांचे बळ जाते, असे वाग्भटाचे सांगणे आहे. वृद्धांच्या बाबतीत एक तजवीज विसरू नये: तेलकट तळव्यांनी ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका खरा आहे, तेव्हा तळवे पुसून मगच त्यांना न्हाणीघरात न्यावे.

अभ्यंगाच्या नावावर आज जे दावे केले जातात, त्यांतील दोन तर नामंजूरच केले पाहिजेत. तेल चोळल्याने शरीरातील विषे बाहेर पडतात हा एक. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. चरबी वितळते हा दुसरा. आणि यात शास्त्राचीही साक्ष विरुद्ध आहे, कारण स्थौल्यावर चरकाने तेल न सांगता रूक्ष उद्वर्तन, म्हणजे कोरड्या चूर्णाने चोळणे, सांगितले आहे. जे पदरात पडते ते काही कमी नाही: शिणलेल्या स्नायूंना आराम, पाठदुखीला काही काळ उतार, चिंतेचा भार हलका, झोप शांत, त्वचा मऊ. निषेधही त्याच ग्रंथांत स्पष्ट आहेत. कफाचा जोर असता, ताप नुकताच आला असता, अजीर्ण असता, आणि वमन-विरेचनासारखे शोधन नुकतेच झाले असता अभ्यंग वर्ज्य. त्यात आजच्या वैद्यकाने भर घातली आहे ती चिघळलेली जखम, ताजा अस्थिभंग, आणि विशेषतः एकाच पायाची अचानक सुजलेली, दुखरी पोटरी यांची. या शेवटच्या लक्षणामागे शिरेत गोठलेले रक्त असू शकते, आणि तेथे चोळणे प्राणघातक ठरू शकते. खवले पडणारा कोंडा असेल तर डोक्याला तेल थापू नये, कारण त्यामागची बुरशी तेलावरच पोसते.

ज्यांना रोज सर्वांगाला वेळ देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वाग्भटाने सवलत ठेवली आहे: डोके, कान आणि पाय यांना तरी विशेषेकरून तेल लावावे. रात्री निजण्यापूर्वी घरातल्या एकाने दुसऱ्याच्या तळपायांना पाच मिनिटे कोमट तेल चोळणे हे कोणत्याही संसारात बसण्याजोगे आहे. मधुमेह्यांनी तेवढे दोन गोष्टींकडे लक्ष पुरवावे: पायांची संवेदना मंदावलेली असल्यास तेलाची उष्णता दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावी, आणि बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये, कारण तेथल्या ओलसरपणात चिखल्या आणि बुरशी लवकर धरतात.