जीव घाबरतो तेव्हा (भाग ७) : खिशातली अर्धी गोळी

इमिप्रामिन या औषधाची गोष्ट आज सांगतो म्हणालो होतो. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण मध्येच खेंडमधून एका वाचकाची चिठ्ठी आली. दीड वर्षात पॅनिक अटॅक नाही, पण पाकिटात क्लोनाझेपामची अर्धी गोळी असल्याशिवाय कुंभार्ली घाट चढायची छाती होत नाही. मग मी बरा झालो की नाही, असं ते विचारतात.

गोळ्या बऱ्या की बोलून केलेले उपचार बरे, हा सगळा वाद या अर्ध्या गोळीत मावतो.

माझ्याकडे बाजारपेठेतले एक दुकानदार यायचे. एकदा त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून तशीच एक अर्धी गोळी काढून टेबलावर ठेवली. स्ट्रिपचा कापलेला कोपरा, कडा झिजून मऊ झालेल्या. २२ जुलै २०२१च्या पुरात दुकानाबरोबर पाकीटही भिजलं होतं. आत गोळी नव्हतीच, पिवळट पीठ होतं.

‘‘ही खाल्लीत कधी?’’

‘‘छे हो. खिशात असली की पुरते.’’

हसू नका. आपल्याकडे परीक्षेला जाताना खिशात अंगाऱ्याची पुडी असतेच की.

आता जे खरोखर गिळतात त्यांचं बघू. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरायला लागतो. क्लोनाझेपाम गिळल्यावर पोटातून रक्तात पुरेसं उतरायला अर्धा-पाऊण तास तरी जातो. तरीही लोक सांगतात, ‘‘गिळली आणि दोन मिनिटांत धडधड थांबली.’’ दोन मिनिटांत औषध कुठलं पोचतंय! गोवळकोटच्या खाडीला ओहोटी लागायच्या वेळी कुणी पाण्यावर काठी आपटावी आणि पाणी काठीने हटलं म्हणावं, तसं आहे हे.

पण श्रेय काठीला गेलं, की माणूस काठी सोडत नाही. आयझॅक मार्क्स, मेटिन बाशोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन-टोरांटोच्या रुग्णांवरचा अभ्यास १९९४ साली छापला. अल्प्राझोलाम घेऊन सुधारलेल्यांपैकी ज्यांनी सुधारणेचं श्रेय गोळीला दिलं, त्यांना गोळी बंद करताना जास्त त्रास झाला आणि कमावलेलं जास्त हातचं गेलं. २०००मध्ये बार्लो आणि मंडळींचा ३१२ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात इमिप्रामिन आणि सीबीटी हा बोलून केलेला उपचार, दोन्हींनी गुण आला. उपचार चालू होते तोवर दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचं पारडं जडही होतं. सगळं बंद करून सहा महिन्यांनी पाहिलं, तर नुसती सीबीटी घेतलेले जास्त टिकून होते. जोडीला इमिप्रामिन घेतलेले मागे पडले. यामागे श्रेयाचीच भानगड असावी, असं माझं मत. ते सिद्ध झालेलं नाही, हेही सांगून टाकतो.

म्हणून सीबीटीत या खिशातल्या गोळीला हात घालावाच लागतो. दुकानदारांना मी आधी दवाखान्यातच मिनिटभर जागच्या जागी पळायला लावलं. छाती धडधडली, घाम आला आणि काही झालं नाही. मग गोळी पाकिटातून पिशवीत, पिशवी एसटीच्या वरच्या फळीवर, पुढे घरी देवघराच्या खणात. एकेका पायरीला पंधरा-पंधरा दिवस. मध्ये एकदा ती गुपचूप पाकिटात परतही आली होती.

इथे एक धोका आहे. हे वाचून रोजच्या गोळ्या कुणी बंद करू नका. क्लोनाझेपाम रोज चालू असेल, तर ते एकदम सोडलं की फिट्ससुद्धा येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायचं. सेर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामची तर जातच वेगळी. ती रोज घ्यायची, गुण यायला काही आठवडे लागतात, खिशात ठेवून त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि सीबीटी करणारा माणूस आपल्या भागात सहजी सापडत नाही, तेव्हा गोळीवर बऱ्या झालेल्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही.

तर खेंडकर, अटॅकपुरते तुम्ही बरे झालात. घाट अजून गोळीच्या नावावर आहे, तेवढा तुमच्या नावावर करून घ्या.

दुकानदार परवा भेटले. नवीन पाकीट घेतलं, जुनं कुठे टाकलं ते त्यांना ठाऊक नाही. गोळीची आठवण पोफळी मागे पडल्यावर झाली.

‘‘मग?’’

‘‘मग काय, घाम फुटला. हेळवाकला उतरून वडापाव खाल्ला.’’